रिकामपणाचा खुराक

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड काम करताना भरपूर वीज खाते, याबद्दल माझी तक्रार नाही. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या कार्डाला ४५० वॉट आणि त्यानंतरच्या ५०९० ला ५७५ वॉट लागतात, हे कंपनीने आधीच सांगितलेले असते आणि त्या बदल्यात डोळे दिपवणारी दृश्येही मिळतात. माझे कार्ड त्या मानाने साधे आहे. पण ते काहीही करत नसताना जे खाते, त्याला खाणे म्हणायचे की चरणे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

संगणकाला एकच मॉनिटर जोडलेला असताना कार्ड १५ वॉटमध्ये शहाण्यासारखे बसून असे. शेजारी दुसरा मॉनिटर जोडताच हा आकडा ६० वर गेला. पडद्यावर ना खेळ, ना चित्रपट. एका कोऱ्या कागदावर कर्सर तेवढा लुकलुकत होता. कामाच्या नावाने शून्य आणि खुराक मात्र पैलवानाचा! हे वरचे ४५ वॉट चोवीस तास चालू राहिले, तर दिवसाला एक युनिट निव्वळ त्या लुकलुकण्यावर जाते.

यामागचे कारण ऐकण्यासारखे आहे. कार्डाला आपल्या मेमरीचा वेग कमी करायचा असेल, तर पडद्यावरचे एक चित्र संपून दुसरे सुरू होण्याच्या मधल्या क्षणार्धात हा बदल उरकावा लागतो, नाहीतर पडदा लुकलुकतो. माझा एक मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतो आणि दुसरा ६० वेळा, त्यामुळे दोघांना एकाच वेळी उसंत मिळत नाही. मग ड्रायव्हर, म्हणजे कार्डाला हाकणारे सॉफ्टवेअर, विचार करतो, की उगाच जोखीम कशाला घ्या, आणि मेमरी अहोरात्र पूर्ण वेगाने पळवत ठेवतो. सरकारी कचेरीत शोभेल असा हा सावधपणा आहे.

कंपनीच्या मदत केंद्राने ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला दिला, जो ते बहुधा पंखा बिघडल्यावरही देत असावेत. शेवटी मीच १४४ चा मॉनिटर १२० वर आणला. १२० ही ६० ची बरोब्बर दुप्पट असल्याने दोन्ही पडद्यांचे सूर जुळले आणि मेमरी निमूटपणे खाली आली. हे सुख ड्रायव्हरची नवी आवृत्ती येईपर्यंत टिकले. तिच्यासोबतच्या टिपणात, दोन मॉनिटर असल्यास वीजवापर वाढू शकतो, असे ‘ज्ञात अडचणी’ या मथळ्याखाली प्रांजळपणे लिहिले होते. अडचण त्यांना ज्ञात आहे, एवढ्यावर ग्राहकाने समाधान मानावे!

कंपनीचा ड्रायव्हर सोडून लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीवरच्या मुक्त ड्रायव्हरकडे वळावे, तर तिथे नेमका उलटा प्रकार. नूवो हा ड्रायव्हर एनव्हिडियाच्या मॅक्सवेल (दुसरी पिढी) आणि पास्कल या जुन्या मालिकांमधल्या कार्डांचा वेग वाढवूच शकत नाही, कारण त्यासाठी कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेले फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर, लागते. ती कार्डे सुरू होतानाच्या मंद वेगातच आयुष्य कंठतात. एक ड्रायव्हर कार्डाला बसू देत नाही आणि दुसरा उठू देत नाही.

सध्या मी जुनी आवृत्ती पुन्हा टाकून आपोआप होणारे अपडेट बंद केले आहेत. रोज सकाळी संगणक मला अतिशय नम्रपणे विचारतो, की नवा ड्रायव्हर तयार आहे, आता टाकू की रात्री?