‘पहिली गाडी म्हणून दोन लाख चाललेली फोर बाय फोरच घ्या’ या सल्ल्याचा प्रतिवाद

गेले काही महिने एक सल्ला मोबाइलवरून सतत फिरतो आहे, आणि नुकताच परवाना हाती आलेली, पगारातून थोडे पैसे साठवलेली आमच्या भागातली मुले तो घेऊन माझ्याकडे येतात. त्याचा आशय असा: पाच-सहा लाख रुपये नव्या छोट्या गाडीत घालण्यापेक्षा त्याच पैशात दीड-दोन लाख किलोमीटर चाललेली जुनी डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी गाडी) घ्यावी, कारण डिझेल इंजिन पाच लाख किलोमीटर चालते, जुन्या गाडीत बिघडण्यासारखे फारसे नसते आणि जे बिघडते ते कोणताही मेकॅनिक दुरुस्त करतो, पावसात आणि घाटात तिच्याइतकी सुरक्षित गाडी नाही, आणि दिल्लीहून आणली तर ती निम्म्या किमतीत पडते. मी स्वतः अशीच एक गाडी नऊ वर्षे वापरतो आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या काजूच्या बागेकडे जाणारा शेवटचा अडीच किलोमीटरचा रस्ता कच्चा आणि चढाचा आहे, आणि जून ते सप्टेंबर तिथे दुसरी गाडी पोहोचत नाही. या गाड्यांविषयी मला आस्था आहे, आणि म्हणूनच हा सल्ला मुलांनी जसाच्या तसा स्वीकारू नये असे मला मनापासून वाटते.

पहिला मुद्दा इंजिनाचा. नीट सांभाळलेले डिझेल इंजिन चार-पाच लाख किलोमीटर चालू शकते, हे खरे आहे. परंतु इंजिनाचा गाभा टिकतो म्हणून त्याच्याभोवतीचे सगळे टिकते असे नाही. कॉमन रेल इंजिनात (एका सामाईक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) इंजेक्टर, हाय प्रेशर पंप आणि टर्बो हे अत्यंत बारीक मापाचे भाग असतात, आणि डिझेलमध्ये गेलेले पाणी किंवा वेळेवर न बदललेला डिझेल फिल्टर त्यांचे आयुष्य इंजिनाच्या कितीतरी आधी संपवतो. क्लच, सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग, रेडिएटर या गोष्टी तर दीड-दोन लाखांच्या टप्प्यावर एकापाठोपाठ एक दगा देऊ लागतात. पहिल्या मालकाने गाडी विकायला काढण्याचे कारण पुष्कळदा तेच असते.

शिवाय ‘दोन लाख’ हा आकडा आला कुठून, हेही विचारले पाहिजे. आजचे डिजिटल मीटर लॅपटॉप जोडून मागे नेता येतात. म्हणून मीटरकडे पाहण्याआधी ब्रेक पेडलचे रबर, चालकाच्या सीटची दाराकडची कड आणि स्टिअरिंगवरची झिजून आलेली चकाकी पाहावी, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे चेसिस क्रमांकावरून मिळणाऱ्या नोंदी मालकामार्फत मागवाव्यात. मालक टाळाटाळ करू लागला, तर तिथूनच परत फिरावे.

दुसरा मुद्दा, ‘कोणताही मेकॅनिक दुरुस्त करतो’, मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्याची किंमत मी मोजलेली आहे. मी गाडी घेतली तेव्हा तालुक्याच्या ठिकाणच्या एका गॅरेजमध्ये दाखवली होती. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला, धूर पाहिला आणि गाडी ठीक असल्याचे सांगितले. गाडीखाली कोणी गेले नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर साठच्या वेगाला मागून एकसारखा घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचा, ड्रेन प्लग (ऑइल काढण्याचे बूच) उघडला तेव्हा काळसर, पारदर्शक ऑइलच्या जागी दुधाच्या चहासारखे काहीतरी घमेल्यात पडले, आणि प्लगच्या चुंबकाला चंदेरी कीस चिकटलेला होता. बेअरिंगला खड्डे पडले होते.

कारण साधे होते. चालून तापलेले डिफरन्शियलचे हाउसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात गेले की आतली हवा एकदम आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. हवा यावी म्हणून तिथे एक ब्रीदर नळी असते. ती तुटलेली असली किंवा चिखलाने बुजलेली असली, तर हवेच्या जागी पाणी आत जाते. माझ्या गाडीची नळी आधीच्या मालकाच्या काळापासून तुटलेली होती. दुचाकीच्या पेट्रोलच्या नळीइतकी साधी ती वस्तू बदलायला शंभर-दीडशे रुपये लागले असते.

पुढे त्याच गॅरेजमध्ये ट्रान्स्फर केसचे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद पोहोचवणाऱ्या पेटीचे, ऑइल बदलून घेतले, तर त्यात सवयीने नाइन्टी ऑइल, म्हणजे जाड गिअर ऑइल, भरले गेले. साखळीवर चालणाऱ्या अनेक ट्रान्स्फर केसमध्ये जाड गिअर ऑइल चालत नाही, तिथे पातळ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) लागते, आणि ते गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलेले असते. इथे मी त्या मेकॅनिकला दोष देत नाही. त्याच्याकडे येणाऱ्या शंभर गाड्यांपैकी एखादीच फोर बाय फोर असते, आणि पुस्तिका वाचून ऑइल नेऊन देणे हे मालक म्हणून माझे काम होते. साध्या गाडीला एक गिअरबॉक्स असतो. हिला गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचे डिफरन्शियल आणि मागचे डिफरन्शियल अशी ऑइलची चार घरे, दोन प्रोपेलर शाफ्ट, त्यांच्या सांध्यांतले ग्रीस मागणारे क्रॉस, आणि पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट असतात. यातले काहीही पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याला कोणी शिकवलेले नसते.

पावसातल्या सुरक्षिततेचा दावा तपासताना आपल्याकडच्या स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या फोर बाय फोर कशा चालतात हे समजून घ्यावे लागेल. मारुतीची जिप्सी, २०१० ते २०२० या काळातली महिंद्रा थार, टाटा सफारीच्या जुन्या फोर बाय फोर आवृत्त्या या सगळ्या पार्ट-टाइम पद्धतीच्या आहेत. म्हणजे एरवी त्या मागच्या दोन चाकांवरच चालतात, आणि लिव्हर किंवा बटण वापरून फोर हायमध्ये (नेहमीच्या वेगासाठीच्या चारचाकी स्थितीत) घातल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पक्के जोडले जातात. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचे अंतर कापतात. चिखलात टायर थोडे घसरतात आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही, ताण शाफ्टमध्ये साठत राहतो, स्टिअरिंग जड होते, लिव्हर अडकतो, आणि शेवटी क्रॉस किंवा साखळी बळी पडते. त्यामुळे ‘घाट आला की फोर बाय फोर लावा’ हे सांगणे, निदान अर्ध्या सुक्या अर्ध्या ओल्या डांबरी घाटात, गाडी मोडायला सांगण्यासारखे आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे चार चाकांना ताकद मिळाल्याने गाडी निघते, थांबत मात्र नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. आंबोलीत किंवा ताम्हिणीत ओल्या वळणावर समोर गुरे आली, तर पावणेदोन-दोन टनांची उंच गाडी थांबवायला लागणारे अंतर टायर आणि ब्रेक ठरवतात. उंचीमुळे ती एकदम वळवल्यास कलंडण्याचा धोकाही छोट्या गाडीपेक्षा जास्त असतो. भारतात सर्व नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या पुष्कळ फोर बाय फोर गाड्यांत यातले काहीच नाही. वीस-बावीस वर्षांच्या, हात अजून न बसलेल्या मुलाला ‘सुरक्षित’ म्हणून अशी गाडी सुचवणाऱ्याने ही गोष्ट सांगितली पाहिजे. फोर लोचा, म्हणजे संथ वेगाच्या जास्त जोराच्या गिअरचा, एक फायदा मी मान्य करतो: तीव्र कच्च्या उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. माझ्या बागेच्या वाटेवर त्याचा रोज उपयोग होतो, पण शहरातून ऑफिसला जाणाऱ्याला वर्षात एकदाही होणार नाही.

दिल्लीच्या गाडीविषयी थोडक्यात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली, म्हणून तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर पडल्या. परंतु त्या किमतीत तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्रातला कर, पुन्हा नोंदणी आणि गाडी आणण्याचा खर्च धरलेला नसतो. पंधरा वर्षे पूर्ण झाली की नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. त्याचे मोटारीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५००० रुपये झाले, आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. आधीच्या हौशी मालकाने मोठे टायर किंवा लोखंडी बंपर बसवले असतील, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावरच्या बंधनाचा) प्रश्नही पासिंगच्या वेळी नव्या मालकाच्याच पुढ्यात येतो.

राहिला ‘स्वस्त पडते’ हा दावा. मी गाडी ४ लाख ४० हजारांना घेतली आणि पहिल्या चौदा महिन्यांत तिच्यावर १ लाख ६५ हजार रुपये खर्च केले: पाच टायर, क्लच, दोन इंजेक्टर, मागचे डिफरन्शियल, बुश आणि बॉल जॉइंट. पाचही टायर एकदम घेतले, कारण फोर बाय फोरमध्ये पुढच्या-मागच्या टायरच्या व्यासात फरक असला तर तोच ताण सरळ रस्त्यावरही निर्माण होतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याला लिटरला अकराचे ॲव्हरेज देणारी गाडी अठराचे देणाऱ्या गाडीपेक्षा दरमहा सुमारे ३५ लिटर इंधन जास्त पिते. हे पैसे शिल्लक ठेवून जो गाडी घेतो, त्याला ती परवडते. सगळी शिल्लक घालून जो घेतो, त्याची गाडी पहिल्या मोठ्या कामाला गॅरेजच्या आवारात उभी राहते, आणि अशा उभ्या असलेल्या तीन गाड्या मला आमच्याच तालुक्यात माहीत आहेत.

ज्याला खरोखर कच्च्या वाटेवर रोज जायचे आहे, घरात कामावर जायला दुसरे वाहन आहे, आणि गाडीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवता येते, त्याने जरूर घ्यावी. घेताना गाडी डांबरावर फिरवून समाधान मानू नये. मातीच्या मैदानावर नेऊन फोर हाय आणि फोर लो दोन्ही लावून पाहावे, लिव्हर परत सुटतो का ते पाहावे, चेसिसवर वेल्डिंगचे डाग आहेत का ते टॉर्चने तपासावे. किनाऱ्यालगत वापरलेली गाडी असेल तर पाटे आणि चेसिसचे जोड टोकदार हातोडीने ठोकून पाहावेत, कारण खाऱ्या हवेत पत्रा आधी आतून जातो. मग पुठ्ठा अंथरून गाडीखाली झोपावे, दोन्ही डिफरन्शियलचे फिलर प्लग (ऑइल भरण्याची बुचे) उघडायला लावावेत आणि करंगळी आत घालून ऑइल बोटावर घ्यावे. ते स्वच्छ आणि तारदार असेल तर किमतीचे बोलणे सुरू करावे. ते दुधाळ असेल, तर मालकाने वीस हजार कमी केले तरी ती गाडी घेऊ नये.