जीआरई पुन्हा देण्याबद्दलच्या मेसेजचा खुलासा

‘दुसऱ्यांदा जीआरई दिली की दोन्ही स्कोअरची सरासरी काढून विद्यापीठाला जाते, म्हणून परत देऊ नका’ हा जीआरईबद्दलचा, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेबद्दलचा, मेसेज सध्या फिरतोय. त्याची सुरुवात माझ्याच एका जुन्या, ऐकीव माहितीवरच्या पोस्टपासून झाली, त्यामुळे दुरुस्ती करणंही माझ्याकडेच येतं.

सरासरी निघत नाही. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसची स्कोअरसिलेक्ट नावाची सोय आहे. परवा बहिणीचे रिपोर्ट पाठवायला तिचं खातं उघडलं, तेव्हा समोर तीन पर्याय दिसले: सगळ्यात अलीकडचा स्कोअर, सगळे स्कोअर, किंवा गेल्या पाच वर्षांतला आपल्याला हवा तो. ईटीएसच्या माहितीपत्रकातही हेच आहे. (परीक्षेच्या दिवशी फुकट पाठवताना मात्र पहिले दोनच पर्याय मिळतात.) एका तारखेचं क्वांट (गणिताचा भाग) आणि दुसऱ्या तारखेचं व्हर्बल (इंग्रजीचा भाग) अशी खिचडी चालत नाही. विद्यापीठातल्या एखाद्या विभागाने स्वतःहून सगळे स्कोअर मागितले असतील, तर ते त्यांच्या पानावर वाचून घ्या.

दोन परीक्षांमध्ये २१ दिवसांचं अंतर लागतं आणि १२ महिन्यांत पाचच वेळा देता येते. रद्द केलेला स्कोअरही त्यात मोजला जातो.

आणि तयारी पुन्हा करताना जुने पावणेचार तासांचे सराव पेपर बाजूला ठेवा. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा १ तास ५८ मिनिटांची आहे, निबंधही एकच.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा द्या.