“टाकी दुधाळ झाली, मासे थुंकतात” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आमचं प्रीमिक्स (खाद्यात मिसळायची तयार पूड) वापरून घरी बनवलेलं बीफहार्टचं, म्हणजे गोवंशाच्या हृदयाच्या मांसाचं खाद्य टाकल्यावर अर्ध्या तासात डिस्कस या शोभेच्या माशांची टाकी दुधाळ झाली, वर तेलकट तवंग आला, मासे तुकडा तोंडात घेऊन थुंकत राहिले आणि दुसऱ्या दिवशी दोन मासे काळवंडून कोपऱ्यात जाऊन बसले. तुम्ही टाकलेले फोटोही नीट पाहिले. यात आमच्याकडून दोन चुका झाल्या आहेत, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पहिली चूक जिलेटिनबद्दलची. जिलेटिन ३० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि ३५ पर्यंत वितळतं. डिस्कसचं पाणी असतं २८ ते ३० अंश. म्हणजे तुकडा पाण्यात पडला की त्याची पकड सुटायलाच लागते, आणि दहा मिनिटांत संपेल एवढंच टाकलं तरच ते निभतं. हे पाकिटातल्या कृतीच्या कार्डावर ठळक लिहायला हवं होतं, लिहिलं नव्हतं. दुसरी चूक, जिलेटिन आणि व्हिटॅमिन एकाच पुडीत होतं आणि ती पुडी गरम पाण्यात विरघळवायला सांगितली होती. व्हिटॅमिन सी आणि बी-१ उष्णतेनं नासतात. आता दोन पुड्या वेगळ्या केल्या आहेत. व्हिटॅमिनची पुडी मिश्रण कोमट झाल्यावर, अगदी शेवटी घालायची.

तवंग मात्र जिलेटिनचा नाही. तुमच्या खिम्याच्या फोटोत पांढरट-पिवळ्या रेघा दिसतात, ती चरबी आहे. सस्तन प्राण्यांची चरबी ३० अंशांच्या पाण्यात घट्टच राहते. ती माशाला नीट पचत नाही आणि उरलेली वर तरंगते. हृदयावरचा चरबीचा थर, आतल्या झडपा, रक्तवाहिन्या आणि पांढरे धागे सुरीनं काढून फक्त गडद लाल मांस ठेवा. वजन साफ केल्यावरच करा, कारण आमचं माप साफ मांसाचं आहे.

एक किलो मिश्रणासाठी ६०० ग्रॅम साफ हृदय, २५० ग्रॅम सोललेली कोळंबी, १०० ग्रॅम पांढरा मासा आणि ५० ग्रॅम उकडून घट्ट पिळलेला पालक घ्या. काही कच्च्या माशांत आणि कोळंबीत बी-१ नष्ट करणारं थायामिनेज असतं, म्हणून दोन्ही आधी वाफवून घ्या. हृदयाचे तुकडे अर्धवट गोठवून खिमा यंत्राच्या ३ मिमी जाळीतून काढा. पिल्लांसाठी दोनदा काढा. मिक्सर वापरू नका. तुमच्या फोटोतला लगदा मिक्सरचा वाटतो. लगदा चावताना माशाच्या कल्ल्यांतून धुरासारखा बाहेर येतो, आणि टाकी दुधाळ होण्याचं निम्मं कारण तेच असतं.

आता बांधणी. ४० ग्रॅम जिलेटिन १५० मिली गार पाण्यात दहा मिनिटं फुगू द्या, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवा, उकळू नका. खिमा मात्र तोवर फ्रीजबाहेर काढून ठेवलेला हवा. गोठलेल्या खिम्यात जिलेटिन ओतलं तर ते जागच्या जागी थिजतं, गोळे होतात आणि बाकीचा खिमा सुटाच राहतो. जिलेटिन साधारण ४० अंशांवर आलं की खिम्यात बारीक धारेनं ओतत हातानं मळा. जिलेटिनऐवजी अगर (समुद्री शेवाळापासून बनणारी, घट्ट करणारी पूड) का नाही, असं तुम्ही विचारलं आहे. अगर उकळावं लागतं आणि ४० अंशांच्या खाली येताच गोठतं, त्यामुळे थंड मांसात ते सारखं मिसळतच नाही. उबदार टाकीसाठी आमच्या मते जिलेटिनऐवजी सगळ्यात भरवशाचं ट्रान्सग्लुटामिनेज, हे एक एन्झाइम आहे. किलोला १० ग्रॅम थोड्या गार पाण्यात कालवून मळायचं आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचं. ते मांसातली प्रथिनंच एकमेकांना जोडतं, म्हणून टाकीत वितळत नाही. भुकटी नाकातोंडात जाऊ देऊ नका.

मिश्रण झिप पिशवीत ५ मिमी जाडीचं पसरून, पट्टीच्या कडेनं चौकटी पाडून, सपाटच गोठवा. पातळ थर लवकर गोठतो आणि बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. जाड गोळा हळू गोठतो, पेशी फुटतात आणि वितळताना लाल पाणी सुटतं. एकदा वितळलेलं परत गोठवू नका.

टाकीत घालण्याआधी ही चाचणी जरूर करा. पेल्यात टाकीचंच पाणी घ्या, वाटाण्याएवढा तुकडा टाका, पाच मिनिटांनी चमच्यानं एकदा हलवा. तुकडा अख्खा आणि पाणी निवळ राहिलं तर खाद्य जमलं. पाण्यात पिठासारखा ढग उठला तर ते टाकीत घालू नका. रोजचा तुकडाही आधी असाच पेल्यात वितळवून, बारीक जाळीत निथळून द्या. गोठलेली वडी थेट टाकली की वरचा थर सुटत जातो.

थुंकण्याबद्दल थोडं. डिस्कस तुकडा तोंडात घेतो, फुंकतो, परत घेतो, ही त्याची चावण्याची रीत आहे. पुन्हा घेत असेल तर काळजी नको. अजिबात घेत नसेल तर सुरुवातीला ब्लडवर्ममध्ये (माशांना देतात त्या लाल अळ्यांमध्ये) थोडं मिसळून सवय लावा. पिल्लांना उपाशी ठेवून सवय लावू नका.

गोळी खाद्यच बरं, हे तुमचं म्हणणं आम्हाला निम्मं पटतं. मोठ्या माशांना बीफहार्ट आठवड्यातून तीन-चार वेळा पुरे, बाकी दिवस चांगली गोळी द्या. वाढत्या पिल्लांना ते जास्त उपयोगी पडतं.

काळवंडलेल्या माशांचं आधी बघा. दुधाळ पाणी म्हणजे जिवाणूंची वाढ आणि ते ऑक्सिजन खातात. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. आजच तळाचा गाळ नळीनं ओढून (सायफन करून) काढा, त्याच तापमानाच्या क्लोरीनविरहित पाण्यानं निम्मं पाणी बदला, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावा आणि एक दिवस खाणं बंद ठेवा. पाण्यातलं अमोनिया व नायट्राइट दोन्ही तपासा. शून्यापेक्षा जास्त दिसलं तर उद्या परत पाणी बदला. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा दिसली आणि मासे खायचे थांबले तर माशांच्या डॉक्टरांना दाखवा, अंदाजानं औषध ओतू नका.

पाकिटाचे पैसे परत करत आहोत आणि नव्या दोन पुड्या सोबत पाठवतो. दोन्ही तपासण्यांचे आकडे इथेच खाली लिहा, म्हणजे पुढचं पाणी किती आणि कधी बदलायचं ते लगेच सांगता येईल.