लिबर्टी जहाजाचा तो फॉरवर्ड

यूएसएस लिबर्टीवाला मेसेज परत फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर काल दोनदा पडला. त्यात म्हणे 1967 च्या इस्रायल-अरब युद्धात इस्रायलने दोस्त अमेरिकेचं हे हेरगिरीचं जहाज मुद्दाम फोडलं, 34 माणसं मारली, ना माफी मागितली ना दमडी दिली, अमेरिकेने ब्र काढला नाही, आणि 2003 ला अमेरिकेने उघड केलेल्या टेप्सनी सगळं सिद्ध झालं. 34 चा आकडा बरोबर आहे, जखमी 171. पुढचं बघू.

पैशाचं आधी, ते सोपंय. हल्ला 8 जूनला दुपारी दोनच्या सुमारास झाला आणि त्याच दिवशी इस्रायलने चूक झाली म्हणून कळवलं, माफी मागितली. 1968 ला मृतांच्या घरच्यांसाठी 33 लाख डॉलर, पुढच्या वर्षी जखमींसाठी 35 लाखांच्या वर. जहाजाचे पैसे मात्र 1980 पर्यंत लटकले, शेवटी 60 लाखांवर तोडगा, तोही हप्त्याने, तोवर जहाज कधीच भंगारात गेलेलं. चिकटपणा म्हणा हवं तर, पण दमडी दिली नाही हे खोटं.

अमेरिका गप्प? अहो, परराष्ट्रमंत्री डीन रस्कने दोनच दिवसांत इस्रायलच्या राजदूताला लेखी सुनावलं की हा बेफिकीरपणा आहे, माणसाच्या जिवाची किंमत नसल्यासारखा.

टेप्सचं तर कमालच. त्या हल्ल्याच्या वेळच्या नाहीतच, हल्ल्यानंतर आलेल्या इस्रायली हेलिकॉप्टरचे पायलट आणि त्यांचा कंट्रोल टॉवर यांच्यातलं बोलणं आहे. त्यात पायलटना सांगतायत, वाचलेले अरबी बोलत असतील तर एल अरीशला (इजिप्तच्या सिनाईत) न्या, इंग्रजी बोलत असतील तर इस्रायलमधल्या लोदला. म्हणजे तोपर्यंतही जहाज कोणाचं याचा घोळ चालू होता, मग "सिद्ध" काय झालं?

पण म्हणून इस्रायलला क्लीन चिट देत नाहीये मी. सकाळी त्यांच्याच टेहळणी विमानाने हे जहाज पाहिलेलं, हैफाच्या नौदल मुख्यालयात नकाशावर त्याची खूणही लावलेली, आणि अकरा वाजता माहिती शिळी झाली म्हणून ती काढून टाकली!! मग इस्रायली टॉर्पेडो बोटीने लिबर्टीचा वेग मोजला 30 नॉट (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल), जहाज चालत होतं जेमतेम पाचने. वर म्हणे इजिप्तचं एल कुसैर वाटलं, ते घोडे वाहणारं जुनं जहाज, 275 फुटी, आणि लिबर्टी 455 फूट. वाचलेल्या खलाशांना हे पटत नाही यात नवल ते काय, माझ्याही गळी नीट उतरत नाही. तिकडे अमेरिकेचंही बघा, लिबर्टीला किनाऱ्यापासून 100 मैल लांब जा अशी ऑर्डर निघालेली, ती भलतीकडेच फिरत राहिली, जहाजावर वेळेत पोचलीच नाही.

गप्प बसल्याचं बोलायचंच तर लिबर्टीच्या कॅप्टन मॅकगॉनागलचं बोला ना. जखमी असून त्याने ब्रिज (जहाज चालवायची जागा) सोडला नाही, मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला, पण नेहमीसारखा व्हाइट हाउसमध्ये नाही, वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात (नौदलाच्या तळावर), आणि मानपत्रात हल्ला कोणी केला ते नावच नाही. फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नाही.