मर्ल ओबेरॉनला खरंच मुंबईची लाज वाटत होती का?

ऑस्करचे दिवस आले की व्हॉट्सॲपवर एक पोस्ट हमखास फिरते. २०२३ साली मलेशियन नटी मिशेल योला नामांकन मिळालं तेव्हापासून तर ती जास्तच फिरतेय. मजकूर थोडक्यात असा: अभिनयाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली पहिली आशियाई नायिका म्हणजे मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन. पण तिला आपल्या मातीची लाज वाटायची, म्हणून ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर जन्मल्याची थाप मारून ती मोकळी झाली, तिने सख्ख्या आईला मोलकरीण केलं आणि गोरं दिसायला खास दिवा बनवून घेतला.

नामांकनाचं खरं आहे. 'द डार्क एंजल' या चित्रपटासाठी १९३६च्या सोहळ्यात ती स्पर्धेत होती. मुंबईचंही खरं आहे. १९ फेब्रुवारी १९११ला ती इथे जन्मली. त्याच वर्षी इंग्लंडची राणी मेरी भारतात आली (त्या भेटीची आठवण म्हणून आपलं गेटवे उभं राहिलं) आणि तिच्यावरून या पोरीला घरात 'क्वीनी' म्हणू लागले. पुढचं सगळं मात्र अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणातून एका बाईवर फार मोठा अन्याय होतो.

आधी टास्मानिया. ही कहाणी मर्लच्या डोक्यातून आलेली नव्हती. लंडनमध्ये निर्माता अलेक्झांडर कोर्डाने तिला करारबद्ध केलं आणि त्याच्या प्रसिद्धीवाल्यांनी तिच्यासाठी नवा जन्म रचला. युरोप-अमेरिकेपासून इतकी लांब आणि तरीही पुरती ब्रिटिश अशी जागा त्यांना हवी होती. कागदपत्रं आगीत जळाली, अशी पुस्तीही जोडली गेली. मर्ल तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होती. तिने मान डोलावली आणि मग जवळजवळ आयुष्यभर ती गोष्ट वागवली.

नाही म्हणाली असती तर हॉलिवूडचं दार तिला उघडलं असतं का? पोस्ट लिहिणारा इथे थांबतच नाही. १९१७च्या कायद्याने अमेरिकेने भारतीयांच्या स्थलांतराला दार लावलं होतं. १९२३मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. हे दार किलकिलं झालं १९४६मध्ये, तेही वर्षाला शंभर जणांपुरतं. कॅलिफोर्नियात वेगळ्या वंशांत लग्न करायला १९४८पर्यंत कायद्याने मनाई होती. हॉलिवूडमधली चिनी वंशाची नटी ॲना मे वाँग हिने आपलं चिनी असणं लपवलं नाही. 'द गुड अर्थ'मधली चिनी शेतकरणीची भूमिका तिला मिळाली नाही, ती लुईझ रेनर या गोऱ्या नटीला मिळाली आणि रेनरने त्यावर ऑस्करही घेतलं. हे सगळं मर्लच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मला यात लाज दिसत नाही, पोटात बसलेली भीती दिसते.

आईचा मुद्दा सगळ्यात जास्त दुखरा आहे. शार्लट सेल्बी ही सिलोनची सावळी बाई लंडनमध्ये मर्लबरोबर राहायची आणि पाहुणे आले की मोलकरीण म्हणून वावरायची. हे झालं, आणि ते वाचताना घशात आवंढा येतो. पण शार्लट तिची जन्मदाती नव्हतीच, आजी होती. जन्म दिला शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स हिने, जेमतेम बारा वर्षांची असताना. घराची अब्रू झाकायला आजीने नात पोटची म्हणून वाढवली आणि कॉन्स्टन्सला तिची बहीण ठरवलं. पुढे कॉन्स्टन्सच्या मुलाने, हॅरी सेल्बीने, मुंबईतून जन्मदाखला शोधून काढला तेव्हा हा गुंता सुटला. म्हणजे लपवाछपवी पाळण्यापासूनच सुरू झाली होती, आणि ती या लेकराने सुरू केली नव्हती. हॅरी भेटायला लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मर्लने त्याला भेट नाकारली. तेवढ्यापुरता दोष तिला जरूर द्यावा.

दिव्याची गोष्ट तर सरळ चुकीची आहे. १९३७मध्ये लंडनला मोटार अपघातात तिच्या चेहऱ्याला जखमा झाल्या. ते व्रण पडद्यावर दिसू नयेत म्हणून छायाचित्रकार लुसियन बॅलार्डने कॅमेऱ्याशेजारी बसणारा छोटा दिवा तयार केला, 'ओबी' या नावाने तो ओळखला जातो. बॅलार्ड पुढे तिचा नवरा झाला. आणि गोरेपणावरून तिला बोल लावण्याआधी आपल्याकडच्या लग्नाच्या जाहिराती वाचाव्यात. 'गोरी' हा शब्द तिथून अजून हललेला नाही.

राहिलं शेवटचं, थाप मारून ती मोकळी झाली हे. १९७८ साली टास्मानियाची राजधानी होबार्टच्या महापौरांनी तिच्यासाठी स्वागत समारंभ ठेवला. गाडीतून जाताना तिने ड्रायव्हरला सांगितलं की लहानपणी बोटीवर वडील आजारी पडले, म्हणून आम्ही इथे उतरलो होतो. समारंभात पोहोचल्यावर थोड्याच वेळात तिने कबूल केलं की आपला जन्म टास्मानियात झालेला नाही. मग बरं वाटत नाही म्हणून ती निघून गेली. उरलेले दिवस तिने हॉटेलच्या खोलीत काढले. त्या गावात तिच्या नावाचं नाट्यगृह होतं, ते बघायलाही ती बाहेर पडली नाही.