उजवीकडे अजून जरा

कॅम्पसाइटवर सपाट जागा नसते. असते ती सपाट दिसणारी जागा. आपण दुरून बघतो, सावली कुठवर येईल याचा अंदाज घेतो, नळ किती लांब आहे ते बघतो आणि खुशीत म्हणतो, ‘‘हीच घेऊ या.’’ ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं आमचं चाकांवरचं घर, उभा केला की मग जमीन आपले गुण दाखवायला लागते. जागा तयार करणाऱ्यांचा यात दोष नाही. पावसाचं पाणी साचू नये म्हणून त्यांनी मुद्दामच उतार दिलेला असतो. पाणी बिचारं निघून जातं, राहायचं आपल्याला असतं.

कललेल्या ट्रेलरमध्ये राहताच येत नाही असं नाही. अंघोळीचं पाणी जाळीकडे जायचं सोडून पलीकडच्या कोपऱ्यात जमतं, कपाटाचं दार आपणहून उघडतं आणि रात्री दोघंही पलंगाच्या एकाच कडेला येऊन पोहोचतो. माणूस हे सगळं निभावून नेतो. फ्रिज नेत नाही.

बऱ्याच ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारा, अमोनियाचा फ्रिज असतो. 1922 साली स्टॉकहोममध्ये शिकत असलेल्या बाल्टझर फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधून काढला. त्यात पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही. खाली ज्योत, वर चढणारी वाफ, आणि थंड झालेला द्रव आपल्या वजनानंच खाली उतरणार, एवढ्यावर सगळा कारभार. ट्रेलर फार कलला तर उतरणारा द्रव वाटेतच कुठेतरी मुक्काम करतो. ज्योतीला त्याचा पत्ता नसतो, ती तापवतच राहते. मग आतली नळी गंजू नये म्हणून घातलेल्या क्षाराचे खडे धरतात, नळी तुंबते आणि फ्रिजचं कपाट होतं, तेही कायमचं. म्हणून आमच्याकडे मुक्कामाला पोहोचल्यावर कोण दमलंय, कुणाचं डोकं दुखतंय, हे नंतर. आधी फ्रिजच्या तब्येतीला सोसेल अशी जमीन करायची. कॉम्प्रेसरच्या फ्रिजवाल्यांना ही कटकट नसते. ते आमच्या आधी खुर्च्या मांडून बसतात आणि आमच्याकडे बघतात.

कामाची वाटणी ठरलेली आहे. नवरा गाडीत, स्टिअरिंगवर. मी खाली, हातात पाणसळ घेऊन. काचेच्या नळीत बुडबुडा कोंडण्याची ही युक्ती मेल्किसेदेक थेवेनो नावाच्या फ्रेंच विद्वानाची, 1661 च्या सुमाराची. बुडबुडा काय दाखवतो हे त्याला एकट्यालाच बघायचं असणार. गाडीत बसलेल्या माणसाला ते ओरडून सांगायचं काम त्याच्यावर आलं नसावं.

‘‘बुडबुडा डावीकडे गेलाय!’’

‘‘मग डावीकडे फळी घाल.’’

‘‘अरे, डावी बाजू उंच आहे म्हणून तो तिकडे गेलाय. फळी उजवीकडे!’’

‘‘तुझं उजवं की माझं उजवं?’’

वास्तविक हा तंटा गणितानं मिटतो. साठ सेंटिमीटरची पाणसळ ट्रेलरमध्ये आडवी ठेवायची आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत तिचं खालचं टोक उचलायचं. टोक एक सेंटिमीटर उचलावं लागलं आणि दोन्ही बाजूंच्या चाकांत एकशेऐंशी सेंटिमीटर अंतर असेल, तर चाक तीन सेंटिमीटर वर हवं. मी हे तोंडी करते. नवरा फोनमधल्या ॲपवर करतो. फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा आहे, त्यामुळे त्याच्या हिशेबानं जगात काहीच सरळ नाही.

किती उचलायचं हे कळलं, की कशावर उचलायचं हा प्रश्न उरतो. इथे माणसांचे पंथ आहेत.

मी लाकडाच्या पंथातली. जाड, रुंद, टायरच्या दोन्ही कडांना थोडी शिल्लक राहील अशी फळी. टायर फळीवर पूर्ण बसला पाहिजे. अर्धा फळीवर आणि अर्धा हवेत राहिला तर त्याची ती कड दबून खराब होते. ट्रेलरला दोन ॲक्सल, म्हणजे एकामागे एक अशा चाकांच्या दोन जोड्या, असतील तर त्या बाजूची दोन्ही चाकं उचलायची, एकाला फळी आणि दुसऱ्याला आश्वासन असं चालत नाही. एकावर एक फळ्या रचायच्या तर खालची लांब, वरची आखूड, टोकं तिरकी कापलेली, म्हणजे चाक पायरी चढल्यासारखं सावकाश वर येतं. फळीची जाडी मात्र स्वतः मोजून घ्यावी. दुकानात सांगतात ती बहुतेकदा रंधा मारण्याआधीची असते.

लाकूड पाणी पितं, फुगतं, तळाशी कुजतं. हातात कुसळ घुसवतं. मऊ लाकूड रेषेवर उभं चिरतं. प्लायवुड सहसा असं चिरत नाही, कारण त्यातल्या थरांच्या रेषा एकमेकींना आडव्या असतात. पण साधं प्लायवुड दोन पावसाळी मुक्कामांत कडेनं पुस्तकासारखं उलगडतं. आणि वजन! ट्रेलरमध्ये किती भार भरायचा याला मर्यादा असते, आणि माझ्या फळ्या त्यातला चांगलाच वाटा खातात. एकदा नवऱ्यानं विचारलं, ‘‘आपण राहायला चाललोय की बांधायला?’’ तरीही मी लाकूड सोडत नाही. त्याची तब्येत बिघडतेय हे दिसतं. चीर रुंदावते, कोपरा झडतो, मग एक दिवस आपण त्याला निवृत्त करतो. शिवाय ते हवं तसं कापता येतं, आणि जॅकच्या पायाखाली घालायला तुकडा नेहमी हाताशी असतो.

नवरा प्लास्टिकच्या पंथातला. एकमेकांत अडकणारे, साधारण इंचभर उंचीचे रंगीत ठोकळे, पिशवीत भरून एका हातानं उचलता येतात. त्यांची रचना करताना तो इतका रमतो की शेवटी त्यावर चाकही चढवायचं आहे, याची आठवण करून द्यावी लागते. चाक चढतं तेव्हा त्यांचा खरा स्वभाव कळतो. गुळगुळीत काँक्रीटवर टायरनं जरासा धक्का दिला की अख्खा मनोरा पुढे सरकतो. चाक त्याच्या मागे, मनोरा चाकाच्या पुढे, आणि मी बाजूला उडी मारलेली. खाली रबरी चटई घातली की हा पाठलाग बंद होतो. खडीवर वेगळंच: ठोकळ्याच्या पोटाखाली एखादा टोकदार खडा आला की ‘टक्’ असा आवाज येतो. त्यानंतर गाडीत काही वेळ शांतता असते.

तिसरी ती वळणदार पाचर. तिच्यावर चाक हळूहळू चढवत न्यायचं, बुडबुडा मध्यावर आला की थांबायचं आणि मागे अडकण सरकवायची. गणित नको, रचना नको. तत्त्वतः फार सुंदर. फक्त ‘थांब’ म्हटल्यावर गाडी त्याच क्षणी थांबायला हवी, आणि आमच्याकडे ‘थांब’ या शब्दाला ‘काय?’ असं उत्तर येतं. दोन ॲक्सल असलेल्यांच्या टायरांमधल्या अरुंद जागेत ती बसतेच असंही नाही. कित्येकांना तिचं टोक करवतीनं उडवावं लागतं.

विटा आणि पोकळ काँक्रीट ब्लॉक यांच्याबद्दल मी वाद घालत नाही. भिंतीत ते भार अख्ख्या रांगेत वाटून घेतात. एकट्या ब्लॉकवर जॅकचा पाय किंवा चाक टेकलं तर तो सूचना न देता फुटतो. लाकूड निदान कुरकुरतं.

या सगळ्यात प्रेक्षक जमतात ते वेगळेच. एक गृहस्थ ठामपणे म्हणाले, ‘‘एवढं कशाला? कोपऱ्यातले जॅक फिरवा आणि उचला.’’ ते जॅक ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, उचलायला नव्हे; त्यांनी उचलायला गेलं तर जॅक तरी वाकतो नाही तर सांगाडा पिळतो. हे मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याला जाऊन तोच सल्ला दिला.

खरा क्रम असा: ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच आडवी लेव्हल साधायची, मग चाकांना दोन्हीकडून अडकणी ठोकायच्या, आणि त्यानंतरच गाडी सोडवायची. पुढच्या जॅकनं नाक वरखाली करून लांबीची लेव्हल करायची. कोपऱ्यातल्या जॅकची पाळी सगळ्यात शेवटी.

आमचा तोडगा म्हणजे तळाला माझी फळी, तिच्यावर त्याचे ठोकळे. फळीवर ते काँक्रीटइतके घसरत नाहीत आणि खडी त्यांना टोचत नाही. दोन्ही पंथ आपलाच विजय झाला असं समजतात. बुडबुडा परवा अगदी दोन रेघांच्या मध्ये येऊन बसला. फ्रिज पेटवला, हातपाय धुतले, पाणी मुकाट्यानं जाळीतून गेलं. पाठ टेकली, तेवढ्यात नवरा उठून बसला.

‘‘अगं, मला डोक्याकडून थोडं उंच लागतं.’’

मी विचारलं, ‘‘लाकूड देऊ की प्लास्टिक?’’