शॉकअप खड्डा गिळत नाही, मग पैसे कशाचे?

भाऊ, तुम्ही लिहिलंत, "अ‍ॅडॅप्टिव्ह सस्पेन्शन म्हणजे श्रीमंतांचे चोचले. आमच्या यावल-रावेरकडे जाड टायर घाला, थोडी हवा कमी ठेवा, झालं." निम्मं खरं शे! (अ‍ॅडॅप्टिव्ह सस्पेन्शन म्हणजे रस्ता बघून स्वतःच कडक-मऊ होणारे शॉकअप; आणि शॉकअप म्हणजे चाकापाशी स्प्रिंगचं डुलणं आवरणारी तेलाची नळी.)

खड्ड्याच्या कडेचा दणका आधी टायरच झेलतो. कमी जाडीच्या, लो-प्रोफाइल टायरची गाडी घेतली तर शॉकअप कितीही महागडा असो, दणका पाठीत बसतोच. हवा मात्र कमी करू नका. भुसावळच्या मे महिन्यात कमी हवेचा टायर हायवेवर तापून फुटतो. ड्रायव्हरच्या दारापाशी लिहिलेला आकडा पाळा.

आता उरलेलं निम्मं. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या डांबराला लाटा येतात. खड्डा एकही नसतो, पण ऐंशीच्या वेगात गाडी नावेसारखी डुलते. बॉडीचं हे डुलणं सेकंदाला साधारण १ ते दीड वेळा, चाकाची थरथर १० ते १५ वेळा. दोन्ही आवरायला शॉकअप कडक लागतो, पण या दोन्हींच्या मधल्या गतीच्या खडबडीत तोच कडकपणा हादरे थेट सीटपर्यंत आणतो. साध्या शॉकअपमध्ये कंपनी यातला सुवर्णमध्य गाठते आणि आपण तो जन्मभर भोगतो. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये सेन्सर हालचाल मोजतात आणि झडप शॉकअपमधल्या तेलाची वाट काही मिलिसेकंदांत अरुंद किंवा रुंद करते. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये तर झडपेऐवजी लोखंडाचे कण मिसळलेलं तेल होतं. चुंबकीय क्षेत्र आलं की ते घट्ट व्हायचं.

शोरूमवाले सांगतात, 'वळणावर गाडी झुकतच नाही.' थाप आहे. लांब वळणात गाडी किती झुकणार हे स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) ठरवतात, किती झटकन झुकणार हे शॉकअप. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना डावं वळण संपायच्या आत उजवं येतं, तिथे हा 'झटकन'च महत्त्वाचा. गाडी सावरलेली राहते, मागच्या सीटवरच्यांना मळमळत नाही.

एक मधली वाटही आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये फ्रिक्वेन्सी सिलेक्टिव्ह शॉकअप आहेत. सेन्सर नाही, वायर नाही, हालचाल सेकंदाला किती वेळा होते त्यानुसार आतलं तेलच वाट बदलतं. अ‍ॅडॅप्टिव्हइतकं हुशार नाही, पण बिघडलं तर खिसाही तेवढा कापला जात नाही.

तुमचं रोजचं जाणं केळीच्या मळ्यापर्यंतच असेल, तर अ‍ॅडॅप्टिव्हचे पैसे वाचवा. जुनी गाडी लाटांवर दोन-तीनदा डुलत असेल, तर आधी शॉकअप गळतोय का ते गॅरेजवाल्याला बघायला सांगा. गाडी कुठली आणि किती चाललीय?